‘क्रॉस रोड ब्लूज’च्या चौकात सैतान आणला कोणी?

आडवाट (धागाकर्ता)

ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं) गाणाऱ्या रॉबर्ट जॉन्सन या गिटारवाल्याचा तो किस्सा परत फिरायला लागलाय. मिसिसिपीतला पोरगा मध्यरात्री चौकात गेला, सैतानाने त्याची गिटार लावून दिली, बदल्यात आत्मा घेतला आणि मग याने ‘क्रॉस रोड ब्लूज’ केलं. माझं म्हणणं एवढंच की या गाण्यात सैतान औषधालाही सापडत नाही.

गाण्यात काय घडतं ते बघा. माणूस चौकात गुडघे टेकतो आणि देवाची करुणा भाकतो. मग येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो. कुणी थांबत नाही, कुणी ओळख दाखवत नाही. दिवस बुडायला आलाय. शेवटी दोस्त विली ब्राउनला निरोप: मी चौकात उभा आहे, माझं काही खरं नाही. हा विली ब्राउन कल्पनेतला नव्हे. चार्ली पॅटन आणि सन हाउस या ब्लूजवाल्यांबरोबर वाजवणारा डेल्टातला (मिसिसिपीतला नदीकाठचा सपाट शेतीचा पट्टा) गिटारवाला होता.

आता १९३६ सालचं मिसिसिपी डोळ्यांपुढे आणा. काळा तरुण, परकं गाव, तिन्हीसांज, आणि ‘हा आमच्या मळ्यावरचा’ म्हणणारं कुणी नाही. भटकेपणाच्या कायद्याखाली पोलीस उचलणार, दंड ठोठावणार. दंड नाही भरला तर तुरुंग, आणि तिथे सक्तीची शेतमजुरी. पार्चमनची तुरुंगशेती याच राज्यातली. अंधार पडायच्या आत गाडी मिळण्यावर माणसाचं काय काय अवलंबून होतं हे कळलं की गाणं पुरेसं भयाण वाटतं, त्याला शिंगं-शेपूट चिकटवावी लागत नाही.

सैतानाची गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्या ब्लूजवाल्याची. आडनाव तेच, नातं काही नाही. त्याच्या भावाने ती डेव्हिड इव्हान्स या संशोधकाला सांगितली. रॉबर्टच्या नावावर ती छापली गेली १९६६ साली, सन हाउसच्या तोंडून, म्हणजे रॉबर्ट जाऊन २८ वर्षं झाल्यावर. आणि रॉबर्टचा हात गिटारवर एवढा कसा वळला याचा खुलासा साधाच आहे. तो हेझलहर्स्ट या मिसिसिपीतल्या जन्मगावाकडे परतला आणि आइक झिमरमन नावाच्या माणसाकडे शिकला. रात्री कबरस्तानात बसून वाजवायचे, तिथे तक्रार करायला कोण येणार!

चव्हाट्याचा राखणदार

शब्दशः बरोबर, पण अर्ध्यातच थांबलात. गाण्याचे शब्द कोर्टातल्या जबानीसारखे वाचून चालत नाही.

पश्चिम आफ्रिकेत फोन लोकांचा लेग्बा आणि योरुबांचा एशू, दोघेही रस्ते मिळतात तिथले देव. माणूस आणि वरची शक्ती यांच्यातला दुभाषा तोच. गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर ही समजूत अमेरिकेला गेली आणि हूडू या लोकविद्येत मुरली. हॅरी मिडलटन हायट यांनी १९३०च्या दशकात दक्षिणेत फिरून अशा माहितीचे ढीग जमवले. चौकात ठरावीक रात्री जायचं (काही वर्णनांत नऊ), वाद्य न्यायचं, मग एक काळा पुरुष येऊन हातातली कला देतो, वगैरे. म्हणजे १९६६च्या आधी तीस वर्षं ही गोष्ट लोकांच्या तोंडी होतीच. फक्त तो ‘काळा पुरुष’ बायबलातला सैतान नव्हता. ते नाव चर्चने दिलं.

आपल्याकडे तिठ्यावर उतारा टाकलेला दिसला की शिकला-सवरलेला माणूससुद्धा नकळत वळसा घालतो. ‘हा फक्त रस्ता आहे हो’ असं सांगून तो सरळ जाईल का? डेल्टातल्या ऐकणाऱ्याच्या मनातही ‘क्रॉस रोड’ म्हटल्यावर नुसता वाहतुकीचा प्रश्न उभा राहत नसणार.

आणि याच माणसाने जून १९३७ला डॅलसमध्ये ‘मी अँड द डेव्हिल ब्लूज’ आणि ‘हेलहाउंड ऑन माय ट्रेल’ रेकॉर्ड केलं. तेही पार्चमनच्या भीतीतून का?

आडवाट

@राखणदार, हायट यांचा मुद्दा मान्य. ‘गोष्ट १९६६ला जन्मली’ असं मी म्हटलं नव्हतं, ‘रॉबर्टला चिकटली’ असं म्हटलं होतं.

डॅलसच्या गाण्यांचं मात्र उलटं आहे. त्या काळी सैतान हा ब्लूजमधला चालणारा माल होता. पीटी व्हीटस्ट्रॉ स्वतःला ‘सैतानाचा जावई’ म्हणवून घ्यायचा आणि त्याच्या तबकड्या जॉन्सनपेक्षा कितीतरी जास्त खपायच्या. जॉन्सन बाजार ओळखून होता. ‘स्वीट होम शिकागो’ कोकोमो अर्नोल्डच्या १९३४च्या गाण्यावरून उभं केलं, ‘३२-२० ब्लूज’ स्किप जेम्सच्या ‘२२-२०’वरून. जेव्हा सैतान विकायचा होता तेव्हा त्याने तो नाव घेऊन विकला, मग चौकाच्या गाण्यात तो का वगळला याचं उत्तर द्या.

लाखेची तबकडी

दोघेही ‘गाणं’ एकच असल्यासारखे भांडताय, म्हणून नोंद करतो.

सॅन अँटोनिओ, टेक्सस, गंटर हॉटेल, खोली ४१४, शुक्रवार २७ नोव्हेंबर १९३६. रेकॉर्ड कंपनी एआरसी, निर्माता डॉन लॉ. ‘क्रॉस रोड ब्लूज’चे दोन टेक झाले, म्हणजे तेच गाणं दोनदा रेकॉर्ड केलं. १९३७ साली व्होकॅलियन या लेबलच्या ३५१९ क्रमांकाच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेऱ्या) तबकडीवर पहिला टेक आला, मागच्या बाजूला ‘रॅम्बलिन ऑन माय माइंड’. १९६१च्या एलपीवर (म्हणजे लाँग-प्ले तबकडी, जिच्यामुळे १९६०च्या दशकातल्या गोऱ्या गिटारवाल्यांना जॉन्सन कळला) निर्माता फ्रँक ड्रिग्सने दुसरा टेक घातला. म्हणजे क्रीम बँडचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन याच्या पिढीने घोटलेलं गाणं आणि १९३७ला डेल्टात वाजलेली तबकडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टेकमध्ये कडवी बदलतात. कुणाच्या वादाला कुठला टेक आधार देतो ते आधी सांगत चला.

दोन टेक कशाला? रेकॉर्डिंग मेणाच्या चकतीवर कोरलं जायचं. मेण कोरून घेतलं की ते वाजवून बघता येत नसे, वाजवलं की कोरीव खराब. त्यात तबकडीचा साचा बनवताना मेण तडकण्याचा धोका. म्हणून एक जादा.

अवांतर: ७८ची तबकडी लाखेची, आणि तेव्हा जगाला लाख पुरवायचा तो मुख्यतः हिंदुस्थान, त्यातही छोटा नागपूरचा पट्टा. तेव्हा ‘आमचा ब्लूजशी काय संबंध’ म्हणणाऱ्यांनी जरा दमाने.

पॉवरकॉर्ड

एवढा कीस पाडून एक गोष्ट कुणी बोलत नाही. क्रीम बँडने १० मार्च १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये ‘क्रॉसरोड्स’ वाजवलं नसतं तर हा धागा निघालाच नसता. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ताल कुठेही लांबतो, कुठेही तुटतो. क्लॅप्टनने ते ‘ए’ सुरात, स्वच्छ बारा बारच्या (चारचार ठोक्यांच्या बारा तुकड्यांच्या) चौकटीत बसवलं, एक ठोस रिफ (परत परत येणारी सुरावट) दिला, आणि लोकांना ते वाजवता येऊ लागलं. वारसा म्हणतात तो हाच. बाकी जॉन्सन महान, वादच नाही. त्याचं गाणं नासाने व्हॉयेजरवर अवकाशात पाठवलंय.

लाखेची तबकडी

@पॉवरकॉर्ड, व्हॉयेजरवरचा जॉन्सन वेगळा. तो ब्लाइंड विली जॉन्सन, ‘डार्क वॉज द नाइट’, रेकॉर्डिंग १९२७चं, यान गेलं १९७७ला. टॉमी, रॉबर्ट, ब्लाइंड विली, लॉनी: ब्लूजमधले जॉन्सन आपल्याकडच्या कुलकर्ण्यांसारखे आहेत, पूर्ण नाव विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शिवाय क्रीमच्या गाण्यातलं रोझडेलचं कडवं ‘क्रॉस रोड ब्लूज’मधलं नाहीच. ते जॉन्सनच्याच ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मधून उचललंय. त्या एका कडव्यावर मिसिसिपीतलं रोझडेल गाव ‘तो चौक आमचाच’ म्हणतं. क्लार्क्सडेलने हायवे ६१ आणि ४९ जिथे मिळतात तिथे खांबावर निळ्या गिटारी चढवून ठेवल्यात.

बाटलीची मान

ताल ‘कुठेही तुटतो’ हे वाजवून न बघितलेल्याचं बोलणं आहे. बघूनच घ्या.

आधी तारा. मूळ रेकॉर्डिंग ओपन ए-मधलं (मोकळ्या तारा छेडल्या की ए कॉर्ड वाजतो), किंवा ओपन जी लावून कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) चढवलेलं. घरी करताना दुसरा मार्ग धरा. नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई वरून सहावी ई खाली डी-वर, पाचवी ए खाली जी-वर, पहिली ई खाली डी-वर. झालं डी-जी-डी-जी-बी-डी. कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावला की ओपन ए. थेट ओपन ए लावायचा तर चौथी, तिसरी, दुसरी तार एकेक पूर्ण स्वर वर ओढावी लागते. ताण वारंवारतेच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्या प्रत्येक तारेवर साधारण २६ टक्के जास्त. जाड तारांच्या जुन्या गिटारवर याने ब्रिज (तारा अडकवलेली खालची पट्टी) उचलला जातो, आणि तिसरी तार हातात येते ती वेगळीच.

तारांवर सरकवायची नळी (स्लाइड) करंगळीत घाला. मधल्या बोटात घातली की उरलेल्या बोटांनी खालचा ठेका धरता येत नाही, आणि या गाण्यात तोच जीव आहे. नळी पडद्याच्या तारेच्या बरोब्बर डोक्यावर हवी, नेहमीसारखी मागे नव्हे. मागे राहिली की सूर उतरलेला. दाबायची नाही, टेकवायची. दाबली की पडद्याला आपटून खडखडते. नळीमागची बोटं तारांवर हलकी ठेवली नाहीत तर नळीच्या मागचा भागही वाजतो आणि सगळं घरघर होतं. तारा फार खाली बसवलेल्या गिटारवर हे जमणारच नाही, पहिल्या तारेला १३ गेज (जाडी) घ्या. कॅपोपासून मोजून पाचव्या पडद्यावर चौथ्या स्वराचा कॉर्ड, सातव्यावर पाचव्याचा, बाराव्यावर मूळ कॉर्ड सप्तकभर वर.

आता बार. पायाने चारचार ठोके देत पहिलं कडवं ऐका. गाण्याची ओळ संपते, मग गिटार उत्तर देते, आणि ते उत्तर पुरं होईपर्यंत पुढची ओळ सुरू होत नाही. कुठे दोन ठोके जादा, कुठे आख्खा बार. जॉन्सनला बारा बार येत नव्हते असं नाही, ‘स्वीट होम शिकागो’ ऐका, चोख आहे. एकट्याने गाणाऱ्याला समेवर यायला कुणाची वाट बघावी लागत नाही. बरोबर ड्रम आणि बास आले की तिघांनी एकदम वळायचं तर चौकट लागते. क्लॅप्टनने केलं ते सुधारणा नव्हे, त्रिकुटाची गरज होती. चांगली वाजवली, एवढंच.

पॉवरकॉर्ड

व्हॉयेजरचं चुकलं, मान्य. पण ‘गरज’ म्हणून हात झटकू नका. एल्मोर जेम्सनेही ‘स्टँडिंग अॅट द क्रॉसरोड्स’ बँड घेऊन बसवलंच ना, तेही क्रीमच्या कितीतरी आधी. एकट्याचं गाणं बँडचं झालं म्हणून टिकलं. २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरायला लागला, पहिल्याच वर्षी बडी गाय हा ब्लूज गिटारवाला आला होता. तिथे लोक उभे राहिले ते बँडसमोरच. आणि एक राहिलंच. जॉन्सनच्या रेकॉर्डिंगचा वेग वाढवलेला आहे म्हणतात, २० टक्के हळू केलं की खरा आवाज येतो. मग तुमचे ते ठोके मोजून काय उपयोग?

बाटलीची मान

वेग वाढवला तरी ठोक्यांची संख्या तीच राहते हो. चार बारचे पाच होत नाहीत.

लाखेची तबकडी

२० टक्के हळू म्हणजे ७८ची तबकडी ६२.४ फेऱ्यांवर. स्वर जवळपास चार अर्धस्वर खाली येतो. गिटार त्यात खपून जाते, पण शब्द ऐका: अ-आ-ई यांचे उच्चार जड होतात, तोंडात बोळा कोंबल्यासारखे. आणि रेकॉर्डिंग दोन शहरांत, सात महिन्यांच्या अंतराने झालं. दोन्हीकडचं यंत्र नेमकं तेवढंच चुकलं आणि कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नाही, हे पटवून द्या. तेव्हा यंत्रांत दोन-चार टक्क्यांचा फरक पडे, तेवढा धरा.

ताळेबंद

वारशाचा दुसरा अर्थही आहे. क्रीमने श्रेय जॉन्सनला दिलं, हे त्यांच्या बाजूने लिहा. पण पैसा कुणाला? १९७४ला स्टीव्ह लाव्हेअर या संशोधकाने जॉन्सनच्या सावत्र बहिणीशी करार करून हक्क ताब्यात घेतले. १९९०चा जॉन्सनच्या रेकॉर्डिंगचा संच दहा लाखांवर खपला आणि भांडण पेटलं. जॉन्सनच्या ‘लव्ह इन व्हेन’ आणि दुसऱ्या एका गाण्यावरून नवव्या सर्किट कोर्टात (अमेरिकेचं अपील कोर्ट) प्रश्न होता की १९३०च्या दशकात तबकडी विकली म्हणजे गाणं ‘प्रकाशित’ झालं का. झालं म्हटलं असतं तर, हक्काची नोंदणी नसल्यामुळे, गाणी सर्वांची झाली असती. कायद्याच्या १९९७च्या दुरुस्तीचा आधार घेत कोर्टाने २०००मध्ये ‘नाही’ म्हटलं. त्याच साली मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलगा क्लॉड जॉन्सन हाच वारस असल्यावर शिक्कामोर्तब केलं.

चव्हाट्याचा राखणदार

@आडवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं: चौकाच्या गाण्यात सैतान का वगळला? माझ्या मते वगळलाच नाही. तो माणूस चौकात जाऊन *देवाला* हाक मारतो, आणि कुणीही येत नाही. ज्या ऐकणाऱ्याला त्या जागी कोण येतं हे ठाऊक आहे, त्याला ही रिकामी जागा ऐकू येते.

आडवाट

गाडीही येत नाही, हे विसरू नका. दिवस बुडाल्याचं तो सांगतो ते गाड्यांना हात करून झाल्यावर, प्रार्थनेला लागून नाही. @तबकडी, दोन्ही टेकमध्ये क्रम हाच आहे ना? कडव्यांचे क्रमांक दिलेत तर बरं.