किनाऱ्याची किंमत पेट्रोलच्या बिलात दिसते का?

गोदाकाठचा
दिवाळीनंतर नाशिकहून डहाणूजवळच्या बोर्डीच्या किनाऱ्यावर जाऊन आलो, त्यावरून हा काथ्याकूट.

आधी आम्ही त्र्यंबक-मोखाडा-जव्हार करत अलीकडच्याच एका किनाऱ्यावर थांबायचो. नाव घेत नाही. तिथे धाकटीच्या टाचेत बिअरच्या बाटलीची काच घुसली. भिजलेल्या टॉवेलने पाय बांधून दवाखाना शोधण्यात दुपार गेली. तेव्हापासून गाडी बोर्डीपर्यंत नेतो. जाऊन-येऊन ४० किलोमीटर जास्त. गाडी १६ चं ॲव्हरेज देते, म्हणजे अडीच लिटर, साधारण २६० रुपये. माझ्या मते स्वच्छ वाळूसाठी आमच्या घराने मोजलेली किंमत हीच.

ही अक्कल माझी नाही. १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने उद्यानांचा फायदा पैशात कसा मोजायचा, असं अर्थतज्ज्ञांना विचारलं. हॅरोल्ड हॉटेलिंगने पत्रातून सुचवलं, की उद्यानाभोवती वर्तुळं आखा आणि कुठल्या पट्ट्यातून किती लोक, किती खर्चून येतात ते पाहा. तिकीट नसलं तरी प्रवास हेच तिकीट. किनारा सुधारायला निधी मागायचा तर असा आकडा हातात हवा. नुसतं ‘स्वच्छता राखा’ कोण ऐकतं?

सिडकोकर
२६० रुपये सगळे काचेच्या नावावर? बोर्डीला सुरूची सावली आहे, ओहोटीला वाळू लांबवर उघडी पडते, येताना घोलवडचे चिकू मिळतात. त्यातले चिकूचे किती? वाटेत जव्हारचा राजवाडाही पाहिला असणार. पेट्रोलची वाटणी करून दाखवा, मग बोलू.

द्राक्षबागवाली
माझं भांडण वेगळं आहे. ऑक्टोबर छाटणीला आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बायका येतात. त्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र पाहिलेला नाही. प्रवासखर्च शून्य, म्हणजे तुमच्या हिशेबात त्यांच्या लेखी समुद्राची किंमतही शून्य! आणि किनाऱ्यावरचा कोळी चालत जातो, त्याचं काय? ज्याची गाडी मोठी त्याच्या मताला वजन जास्त, असा हा हिशेब आहे.

पंचवटीकर
प्रवासखर्चावरून पाण्याची प्रत ठरत असेल तर रामकुंडाचं पाणी देशात पहिल्या नंबरचं! २०१५ च्या सिंहस्थाला लोक कुठून कुठून आले. अंघोळीच्या नदीपाण्यात १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जिवाणू ५०० च्या आत हवेत, असा केंद्रीय प्रदूषण मंडळाचा निकष आहे. बुडी मारण्याआधी कुणी विचारतं का?

गोदाकाठचा
काका, श्रद्धेला मध्ये आणू नका, तिथे कुठलाच हिशेब चालत नाही. पण तुमचा टोला लागला. काच दिसते, प्लास्टिक दिसतं, वास येतो. जिवाणू दिसत नाहीत. दिसणाऱ्या घाणीसाठी मी ४० किलोमीटर पुढे गेलो, न दिसणाऱ्यासाठी चारही गेलो नसतो.

देवळालीचे मास्तर
म्हणूनच लोकांना सरळ विचारायची पद्धत निघाली. १९८९ साली अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं. तिथे कधीच न जाणाऱ्यांनाही हळहळ वाटली, ती मोजायची कशी यावर मोठा वाद झाला. शेवटी केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीने १९९३ मध्ये सांगितलं, की ‘किती द्याल’ असं मोघम विचारू नका. अमुक रक्कम सांगा आणि मतदानासारखं हो की नाही घ्या. ताईंच्या छाटणीवाल्या बायका यात मोजल्या जातात.

द्राक्षबागवाली
मास्तर, ‘हो’ म्हणायला काय जातं? गणपतीच्या मीटिंगला पाचशेची वर्गणी एकमताने मंजूर होते. पावतीपुस्तक घेऊन गेलं की निम्मी दारं उघडत नाहीत. आणि ज्या बाईची दिवसाची मजुरीच मोजकी, ती रकमेला ‘नाही’ म्हणाली तर तिला समुद्र नको आहे असं लिहिणार का?

देवळालीचे मास्तर
ती खोट आहे, मान्य. तरी गाडीवाल्यांपुरतंच मोजण्यापेक्षा हे बरं.

सिडकोकर
माझ्या चिकूंचं उत्तर राहिलं.

गोदाकाठचा
दोन किलो घेतले होते, वजा करा. राजवाडा बाहेरूनच पाहिला, तो फुकट.