पीटेड माल्ट, रेड वाइनचं पिंप: काडीचा वास कशामुळे?

नवखं_नाक: स्कॉच सिंगल माल्ट व्हिस्की, पीटेड (म्हणजे बार्ली पीटच्या, दलदलीतल्या कुजक्या मातीच्या, धुरावर वाळवलेली), शेवटी रेड वाइनच्या पिंपात मुरवलेली. अल्कोहोल ४६ टक्के, नॉन चिल-फिल्टर्ड (थंड करून न गाळलेली). नाक लावलं की धुराआधी नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा वास. पाणी घातलं की गढूळ होते. माल्ट ५० पीपीएमचं (फेनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी द्रव्यं, दशलक्षात ५० भाग), तरी धूर बेताचाच. बाटलीत खोट आहे का?

पिंपवाला: गढूळपणा ही खोट नव्हे. अल्कोहोल ४६च्या खाली आलं की फॅटी ॲसिडचे एस्टर विरघळलेले राहत नाहीत, एवढंच. चिल-फिल्टर केली असती तर ते आधीच गाळले गेले असते, आणि तोंडातला भरीवपणाही थोडा गेला असता.

काडीचा वास मात्र गंधकाचा. वाइनची रिकामी पिंपं खराब होऊ नयेत म्हणून आत गंधकाची वात जाळतात, त्याचा अंश लाकडात राहतो. पेग ओतून १५-२० मिनिटं उघडा ठेवा, बराचसा उडेल. रबर किंवा उकडलेल्या कोबीसारखा वास असेल तर तो नुसत्या हवेने सहज जात नाही. ती गंधकाची वेगळी संयुगं, त्यातली काही तांबं धरून ठेवतं. पॉट स्टिल (दारू गाळायची भांडी) तांब्याचे असण्याचा एक फायदा हाच.

धूरकरी: ५० पीपीएम हा आकडा भट्टीत वाळवलेल्या बार्लीचा, बाटलीतल्या दारूचा नाही. बरेचसे फेनॉल मॅशिंग (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) आणि डिस्टिलेशनमध्येच गळतात. जड फेनॉल धारेच्या शेवटाकडे येतात, त्यामुळे कट लवकर घेतला, म्हणजे मुरवायची धार आधीच तोडली, की धूर आणखी कमी. मुरण्याच्या काळातही तो मवाळ होतो. वर वाइनचा गोडसर फळांचा वास, म्हणजे झाकण पडलंच. लाँगरो रेड या पीटेड, वाइनच्या पिंपातल्या स्कॉचच्या वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून पाहा. मालिका तीच, पण वाइनचं पिंप बदलतं आणि धुराची जागाही.

नवखं_नाक: मग पाणी किती? शेवटी जीभ आवळते तेही आहे.

पिंपवाला: ३० मिलीत अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली. साधारण ४२.५ टक्क्यांवर येते. पूर्ण चमच्याने ३९.५च्या आत जाते, तिथे फळं विरतात आणि टॅनिनचा (लाकडातून आणि वाइनमधून येणाऱ्या तुरट द्रव्याचा) कडवटपणा उघडा पडतो. जीभ आवळते ती त्यानेच. २२५ लिटरचं बॅरीक (वाइनचं पिंप) म्हणजे लाकूड ताजं आणि पिंप लहान, जास्त दिवस ठेवलं की टॅनिन चढतं. बर्फ नकोच, थंडीत आवळणं वाढतं.

धूरकरी: आणि गुलाबीसर छटा दिसली तर ती पिंपाचीच. स्कॉचमध्ये रंगासाठी फक्त साधा कॅरॅमल चालतो, त्याने तपकिरीच येते.