हायवेला लागताना नंबर गाड्यांनीच लावला तर? (चर्चा)

काकतीचा_अभ्या:
यमकनमर्डीजवळ सर्विस रोडवरनं हायवेला लागताना रोजचंच, मान मोडेस्तोवर मागं बघायचं, देवाचं नाव घेऊन पाय दाबायचा, मग मागचा ट्रकवाला कचकन ब्रेक मारतोय आणि त्याच्या मागचे सगळे हॉर्न. म्हणून हल्ली मर्जिंगचं, म्हणजे हायवेच्या रांगेत घुसण्याचं, ऑप्टिमल कंट्रोल वाचूलालोय, गाडी सगळ्यात कमी धक्क्यात कशी चालवायची त्याचं गणित. एकमेकांशी वायरलेसवर बोलणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या गाड्या, जोडाच्या काहीशे मीटर आधीच कोण कितवा, किती सेकंदाला पोचणार ते ठरतं, आणि मग प्रत्येक गाडी वेग असा बदलते की अ‍ॅक्सिलरेशनच्या वर्गाची वाटभरची बेरीज कमीत कमी व्हावी. मधे कसली अट (अंतराची, वेगाची) आडवी आली नाही तर उत्तर एकदम सोपं निघतं, अ‍ॅक्सिलरेशन वेळेबरोबर सरळ रेषेत बदलतं. धक्का नाही, थांबणं नाही, डिझेल वाचतंय. आपल्याकडं हे पहिलं यायला पाहिजे.

ऊसवाला_संकेश्वर:
अभ्या लेका, कारखाने सुरू झाले की डबल ट्रॉली घेऊन ये म्हणतो त्याच जोडावर, मग बघू तुझी सरळ रेषा. मागं लाल दिवा नाही, खताच्या पोत्याचा तुकडा बांधलेला, तो काय वायरलेसवर बोलतोय? चढाला ट्रॅक्टर चालत्या माणसाएवढा जातोय.

डिप्लोमा_मेकॅनिकल:
मामा, सगळ्याच गाड्या तशा आपोआप चालणाऱ्या असायला लागत नाहीत ओ. जपानात २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या होत्या, काही कारण नसताना आपोआप जाम झाला, २००८ चा पेपर आहे. पुढं अमेरिकेत तसल्याच गोलात वीसेक गाड्यांत एकच गाडी कंट्रोलरवर चालवली तर थांब-चालू बरंच कमी झालं, तो २०१८ चा.

ऊसवाला_संकेश्वर:
गोलात बाहेरनं कोण घुसतंय का? एकच लेन, फाटा नाही काय नाही. इथं भांडण घुसण्याचंच चाललंय की.

टिळकवाडीची_ताई:
मला तर अंतराचंच पटत नाही. या गणितात दोन गाड्यांत साधारण १.८ सेकंद धरतात, म्हणजे ८० च्या स्पीडला ४० मीटर. आपल्या हायवेवर ४० मीटर मोकळं दिसलं तर त्यात एक वडाप आणि दोन बाईक बसतात, मग ती शहाणी गाडी परत मागं सरकणार, परत कोणीतरी शिरणार, बेळगाव यायचं कधी? आणि नंबरचं काय, पहिला आला तो पहिला म्हटलं तर ट्रॉलीमागं सगळी रांग, आणि ट्रॉलीला मागं ठेवलं तर शेतकऱ्यानं दिवसभर तिथंच उभं राहायचं का?

काकतीचा_अभ्या:
ताई, नंबरचं तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण शिरण्यावर काम झालंय. अंतराची अट मोडत नाही ना हे दर क्षणाला तपासायचं आणि मूळ उत्तराच्या जवळात जवळ राहायचं, कंट्रोल बॅरिअर फंक्शन म्हणतात त्याला. माणूस चालवत असलेली गाडी पुढं असली तरी सेन्सरला दिसली म्हणजे झालं. मामांची ट्रॉली बोलली नाही तरी चालतंय, दिसली पाहिजे.

ऊसवाला_संकेश्वर:
पोरानं काल ट्रॉलीला रेडियम चिकटवलंय, लाल-पांढरं. आज सात वाजता तिकडनंच जाणार हाय, तुझ्या सेन्सरचं राहू दे, तुला दिसतंय का तेवढं सांग.