लंडन-सिडनी मोटार शर्यत, १९६८ : हयात स्पर्धकांच्या मुलाखतींसाठी परदेशी जावे का?

बालाघाट (अंबाजोगाई)

सप्रेम नमस्कार. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझे थोरले मामा १९६८ साली मुंबई बंदरात टॅली क्लार्क, म्हणजे जहाजात चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारे कारकून होते. गेल्या दिवाळीत त्यांच्या ट्रंकेत एक जुनी वही सापडली. तिच्या मधल्या दोन पानांवर परदेशी माणसांच्या अकरा सह्या आहेत, काही सह्यांपुढे गाडीचा क्रमांक आहे आणि वर मामांच्या अक्षरात ‘चुसान’ असे जहाजाचे नाव आहे.

शोध घेतल्यावर कळले की, हे सारे त्या वर्षीच्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमधील स्पर्धक असावेत. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ गाड्या निघाल्या आणि युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व दिल्लीमार्गे मुंबईला आल्या. वेळेत पोहोचलेल्या गाड्या येथे ‘चुसान’वर चढवून ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला नेण्यात आल्या. पुढे पर्थहून सुटलेली शर्यत १७ डिसेंबरला सिडनीत संपली, तेव्हा ५६ गाड्या उरल्या होत्या.

येत्या उन्हाळ्याच्या सुटीत इंग्लंडला जाऊन यांपैकी जे हयात असतील त्यांच्या मुलाखती घ्याव्यात, असे मनात आहे. मात्र खर्च पदरचा आहे आणि मी यापूर्वी परदेशप्रवास केलेला नाही. जाण्याआधी कोणती तयारी करावी आणि मुळात एवढा खटाटोप करावा का, याविषयी जाणकारांनी सांगावे. मामा सध्या परळीला असतात. त्यांचे वय ८६ असून त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांच्याकडून विशेष काही हाती लागलेले नाही.

जुनी अँबॅसेडर (जालना)

ताई, विषय वाचून हातातले काम बाजूला ठेवले. माझे गॅरेज आहे आणि या शर्यतीचे वेड मला वडिलांकडून मिळाले आहे.

आपण विजेत्यांच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिलमन हंटर गाडीतून पहिले आलेले अँड्र्यू कोवन २०१९ मध्ये गेले आणि ऑस्टिन १८०० मधून दुसरे आलेले पॅडी हॉपकर्क २०२२ मध्ये गेले. मुंबईपर्यंत आघाडीवर राहिलेले रॉजर क्लार्क तर १९९८ मध्येच गेले. शिवाय या मंडळींनी आपली कथा इतक्यांदा सांगितली होती की, ती सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. त्या वेळी पंचविशीत असलेला सहचालक आज ऐंशीच्या पुढे आहे आणि तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावर आलेल्या अशा माणसाला कदाचित आजवर कोणी विचारलेलेच नसेल. मॉस्कविच कंपनीच्या चार गाड्या सोव्हिएत संघातून आल्या होत्या आणि त्या चारही सिडनीला पोहोचल्या. हे कसे जमले, याची मला विजेत्यापेक्षा जास्त उत्सुकता आहे.

दुसरे असे की, ‘तेव्हा कसे वाटले’ हा प्रश्न शक्यतो टाळावा. त्याचे उत्तर ‘फार छान’ एवढेच येते. त्याऐवजी काबूलहून सरोबीला जाताना लताबंदच्या घाटात पुढच्या गाडीच्या फुफाट्यातून रस्ता कसा दिसत होता, शॉकअब कोठे बदलले, वेल्डिंग कोणाकडून करून घेतले, झोपेच्या पाळ्या कशा ठरवल्या होत्या, असे हाताला लागणारे प्रश्न विचारावेत. आमच्या धंद्यातला अनुभव असा की, गाडीचा कोणता भाग तुटला हे माणसाला पन्नास वर्षांनीही आठवते आणि त्या तुटलेल्या भागाला धरून बाकीचा दिवस आपोआप आठवत जातो.

आणि जायचे असेल तर लवकर जा. या वयात एक वर्ष फार मोठे असते.

गोदाकाठ (नांदेड)

जालनेकरांची घाई समजते, परंतु मी थोडे वेगळे सांगणार आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या वृद्धांच्या मुलाखती मी अनेक वर्षे घेतल्या. उमरी, हदगाव, किनवट या भागांत फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा अनुभवाला आली. स्वतः पाहिलेले, नंतर ऐकलेले आणि वर्षानुवर्षे १७ सप्टेंबरच्या भाषणांतून कानावर पडलेले असे तीन धागे आठवणीत इतके घट्ट विणले जातात की, सांगणाऱ्यालाही ते वेगळे करता येत नाहीत. ते खोटे बोलत नसतात. म्हणूनच मुलाखतीला बसण्यापूर्वी त्या काळची छापील नोंद आपल्याला तोंडपाठ असावी लागते.

आपल्या विषयात हे काम घरबसल्या होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर ‘कॅनबेरा टाइम्स’चे १९६८ चे अंक विनामूल्य वाचता येतात. सिडनी जवळ आली असताना नाउराजवळ आघाडीवरची सिट्रोएन समोरून आलेल्या मिनी गाडीवर आदळली. तीत असलेले ल्यूसियाँ बियांकी जबर जखमी झाले आणि मागून येणारे हॉपकर्क मदतीसाठी थांबले. हा प्रसंग आपल्याला प्रत्येक जण सांगेल, अगदी त्या वेळी शेकडो किलोमीटर मागे असलेलासुद्धा. तेव्हा ‘हे आपल्याला कोठे आणि कोणाकडून कळले?’ हा प्रश्न नम्रपणे, पण न चुकता विचारावा.

आता राहिला मामांचा मुद्दा. ‘विशेष काही हाती लागलेले नाही’ हे वाक्य मला खटकले. आपण त्यांना नेमके काय विचारले होते? दारातून जाता-येता विचारले असेल, तर त्याला मुलाखत म्हणता येणार नाही. सकाळी, चहा झाल्यावर, त्यांना ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला बसून, ती वही त्यांच्या हातात द्यावी आणि पहिली दहा मिनिटे काहीही विचारू नये. शर्यतीच्या मुंबईतल्या मुक्कामाविषयी इंग्रज सांगतील ते जहाजावर चढणाऱ्याच्या बाजूने असेल. जहाज भरणाऱ्याची बाजू परळीत बसलेली आहे आणि तिला विमानाचे तिकीट लागत नाही.

लातूरचा, हल्ली कॉव्हेंट्री

गोदाकाठ यांच्याशी सहमत आहे. व्यवहाराच्या काही गोष्टी तेवढ्या जोडतो.

आधी पत्र पाठवावे. येथील वृद्ध मंडळी अनोळखी ईमेलला बिचकतात; कागदावरच्या पत्राला मात्र बहुधा उत्तर देतात. पत्रासोबत वहीतील त्या पानांची छायाप्रत जोडली, तर आपली ओळख वेगळी करून देण्याची गरज उरणार नाही. पत्ते मिळवण्यासाठी जुन्या गाड्यांच्या क्लबांना लिहावे आणि पत्र पुढे पाठवण्याची विनंती करावी. कोणाचाही पत्ता परस्पर मागू नये. होकार आल्यावर एक-दोनदा दूरध्वनीवर बोलावे. अर्धी माणसे तेवढ्यानेच पूर्ण होतील आणि ज्यांच्याकडे फोटो, वह्या, नकाशे आहेत त्यांच्याचकडे प्रत्यक्ष जावे लागेल.

व्हिसासाठी भेटीचा साधा, सहा महिन्यांपर्यंतचा व्हिसा असतो. प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही आणि बोटांचे ठसे देण्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते. प्रवासाचा हेतू आहे तसाच लिहावा आणि महाविद्यालयाचे रजेचे पत्र जोडावे. माझ्या एका नातलगाने हेतूच्या रकान्यात मोघम काहीतरी लिहिले आणि नकार ओढवून घेतला.

ब्रिटनमध्ये मुलाखतीतील शब्दांवर बोलणाऱ्याचा हक्क असतो आणि ध्वनिमुद्रणावर ते करवून घेणाऱ्याचा. त्यामुळे लेखी संमती त्याच दिवशी घ्यावी. नंतर पत्रव्यवहार करून ती मिळवणे फार जिकिरीचे होते. येथील ओरल हिस्टरी सोसायटीच्या संकेतस्थळावर याविषयी चांगले मार्गदर्शन आहे. आलातच तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचे दफ्तर आधी वेळ ठरवून पाहावे, कारण ऑस्टिन गाड्यांचे कागद तेथे आहेत. तेथून माझे घर जवळ आहे. मुक्कामाची आणि ज्वारीच्या भाकरीची सोय होईल, फक्त पीठ आपण आणावे.

बालाघाट (अंबाजोगाई)

सर्वांचे आभार. उत्तराला उशीर झाला, कारण मध्यंतरी दोनदा परळीला जाऊन आले.

गोदाकाठ सरांनी सांगितल्याप्रमाणे वही मामांच्या हातात दिली आणि गप्प बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी सह्यांच्या खालच्या एका आकृतीवर बोट ठेवले. ती मला आजवर शिडी वाटत होती. मामा म्हणाले, ती गाडीच्या तोंडाला लावलेली लोखंडी जाळी आहे. आपल्या रस्त्यांवरच्या गुराढोरांच्या भीतीने या लोकांनी गाड्यांना जाळ्या लावल्या, असे धक्क्यावरच्या सगळ्यांना वाटले होते आणि त्याचा त्यांना थोडा रागही आला होता. जाळी ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंसाठी होती, हे मी त्यांना परवा सांगितले. ते बराच वेळ हसत होते.

पहिल्या खेपेला तास-दीड तासाचे ध्वनिमुद्रण झाले आणि दुसऱ्या खेपेला त्याहून अधिक. त्यांच्याबरोबर पाळीला असणारे दोन सहकारी अद्याप मुंबईत आहेत. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात जाईन. उन्हाळ्यातला प्रवास दिवाळीच्या सुटीवर ढकलला आहे आणि इंग्लंडला चार पत्रे काल टाकली. प्रत्येक पत्रात वहीच्या पानांबरोबर त्या जाळीचा प्रश्नही लिहिला आहे.