मदत हवी आहे: कमी वजनाच्या भाच्याचं बीपी आणि हृदय, काय तपासायचं आणि कुठे?

बालाघाटची_लेक

नमस्कार. प्रश्न माझ्या चुलत बहिणीच्या मुलाचा आहे. वय पाच. बहीण आणि दाजी दरवर्षी दसरा झाला की बीडहून ऊसतोडीला जातात, पोरगा आजीपाशी गावी राहतो.

त्याच्या वेळी ती आठव्या महिन्यापर्यंत फडात मोळ्या वाहत होती. पाय सुजले, डोकं ठणकायचं, पण खाडा पडला की पैसे कापतात आणि उचल (आगाऊ रक्कम) तर आधीच घेतलेली. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा दवाखान्यात नेलं. बीपी १७०/११०, त्याच रात्री सिझर, बाळ १ किलो ६०० ग्रॅम. वार (प्लॅसेंटा) लहान राहिली, तिला रक्त पुरेसं मिळत नव्हतं, असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. कागद पुढच्या अड्ड्यावर जाताना कोपीच्या (झोपडीच्या) सामानात हरवले.

त्याच वर्षी मी पुण्यात गरोदर होते आणि धोका मलाही होता. तिसऱ्या महिन्यातच डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) केला, डॉक्टरांनी रोज रात्री कमी डोसची ॲस्पिरिन दिली, कॅल्शियम दिलं, बीपी सतत मोजलं. मुलगी २ किलो ७०० ग्रॅमची झाली. तिची जाडजूड फाइल आहे आणि बालरोगतज्ज्ञ तिचं बीपीही बघतात. भाच्याच्या दंडाला आजवर एकदाही पट्टा लागलेला नाही. खरी गरज त्याला आहे, हे मला सहन होत नाही.

थोडं वाचलंय. डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या जुन्या सुईणींच्या नोंदवह्या तपासल्या आणि १९११ ते १९३० दरम्यान कमी वजनाने जन्मलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मृत्यू जास्त असल्याचं १९८९ मध्ये मांडलं. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा खूप हलकी, पण अंगावर चरबी त्या मानाने टिकून. या दोन्हींत वारेचा भाग किती, आणि भाच्यासाठी आज काय करायचं, हे मला सुटत नाहीये. त्याचं बीपी कुणाकडून मोजून घेऊ? इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा का? कागदच नाहीत तर डॉक्टरांना काय सांगू?

डॉ_बाळगोपाळ

बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न तपासता सांगतोय, एवढं ध्यानात ठेवा.

वारेच्या पेशी गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करतात. हे काम अपुरं राहिलं की वाहिन्या अरुंद राहतात. मग आईचं बीपी चढतं आणि बाळाला प्राणवायू व अन्न कमी पोचतं. बाळ उपलब्ध रक्त मेंदूकडे वळवतं, त्यात मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर नव्या होत नाहीत. त्या कमी राहिल्या तर पुढे बीपी वाढायला वाव मिळतो. रक्तवाहिन्याही कडक राहू शकतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.

घाबरू मात्र नका. आईला असा त्रास झालेल्या मुलांचं वरचं बीपी सरासरी २ मिमीच्या आसपास जास्त दिसतं. बहुतेक मुलं ठणठणीत असतात. लक्षणं नसतील आणि तपासणीत काही आढळलं नाही तर इकोची गरज नाही.

बीपी मात्र मोजाच. तीन वर्षांनंतर ते दरवर्षी बघावं, आणि लवकर किंवा फार लहान जन्मलेल्यांचं त्याआधीही. पट्टा मुलांच्याच मापाचा हवा, मोठ्यांचा वापरला तर आकडा खोटा कमी येतो. पाच मिनिटं शांत बसवून उजव्या दंडावर मोजायचं. पाच वर्षांच्या मुलात १०३/६३ किंवा त्याहून जास्त आलं तर लगेच आजार समजू नका, पण उंचीच्या तक्त्याशी ताडून पुन्हा मोजायला हवं. वारंवार जास्त आलं तर लघवी आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी.

आणखी एक, आजीला नीट सांगा. "बारकं आहे" म्हणून बिस्किटं, गोड चहा, तळलेलं भरवून वजन वाढवू नका. हेलसिंकीत १९३४ ते १९४४ दरम्यान जन्मलेल्यांच्या नोंदींत हृदयविकार जास्त सापडला तो जन्मतः लहान, दोन वर्षांचे असताना बारीक आणि नंतर झपाट्याने वजन वाढलेल्यांमध्ये. डाळ, अंडी, दूध, भाजी द्या आणि भरपूर खेळू द्या.

गटप्रवर्तक_ताई

मी आशांबरोबर काम करते. ताई, कागद हरवले तरी नोंदी पुष्कळदा असतात. बहिणीची गरोदरपणात गावच्या उपकेंद्रात नोंदणी झाली असेल तर नर्सताईंकडे आरसीएच (माता-बाल आरोग्य) नोंद मिळेल. अंगणवाडीच्या रजिस्टरात वजनं असतात. बाळंतपण झालं त्या दवाखान्यात तारीख सांगून अर्ज द्या, प्रसूती रजिस्टर बघायला सांगा. काही नाहीच मिळालं तर आई जे सांगते ते एका कागदावर लिहा: किती महिन्यांचं, किती वजन, बीपी किती, वारेबद्दल काय सांगितलं. तो कागद आजीच्या पिशवीत हवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. त्या दिवशी आजीने तिथे थांबावं आणि बाळ लहान जन्मल्याचं, बीपी बघायचं असल्याचं स्पष्ट सांगावं. न सांगता बीपी मोजलं जाईल असं धरून चालू नका. लहान पट्टा नसेल तर पुढे पाठवायची चिठ्ठी मागा.

बालाघाटची_लेक

दोघांचेही मनापासून आभार. कागद आजच फोनवरून बहिणीला विचारत लिहून काढते. ती म्हणतेय, दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. तिने काय करावं?

डॉ_बाळगोपाळ

पाळी चुकल्याबरोबर नोंदणी करायची आणि मागच्या वेळची हकिकत पहिल्याच भेटीत सांगायची. ॲस्पिरिन सुरू करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने १६ आठवड्यांच्या आत, उशिरा तिचा उपयोग फारसा होत नाही. दिवस राहिले तर त्या हंगामात तिने फडावर जाऊ नये असंच मी म्हणेन, म्हणून उचल घेण्याआधीच घरात बोला. आणि तिचं स्वतःचं बीपी आत्ताच मोजा. असा त्रास होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, पण बाळंतपणानंतर तिच्याकडे कुणी बघत नाही.