ऑडेरॉन खरंच सापडला का, की नुसती वक्रांची जुळवाजुळव?

आडवा_उभा (धागाकर्ता)

मार्च २०२१ मध्ये सर्नच्या टोटेम गटाने आणि फर्मिलॅबच्या डी-झीरो गटाने मिळून जाहीर केलं की ऑडेरॉन सापडला. लुकाशुक आणि निकोलेस्कू यांनी १९७३ मध्ये मांडलेली कल्पना ४८ वर्षांनी खरी ठरली, वगैरे. आपल्याकडच्या लेखांत आणि व्हिडिओंत अजूनही 'नवा कण सापडला' हेच चालू आहे. मला हे पटत नाही.

थोडक्यात प्रकरण असं. दोन प्रोटॉन प्रचंड ऊर्जेने एकमेकांजवळून गेले आणि न फुटता जरासे वळले, तर मधल्या मध्ये कसली तरी देवाणघेवाण झालेली असते. त्या 'कसल्यातरी'ला पोमेरॉन म्हणतात. प्रोटॉनऐवजी अँटिप्रोटॉन घेतला तरी पोमेरॉनला फरक पडत नाही. ऑडेरॉन ही अशाच देवाणघेवाणीची दुसरी जात, पण अँटिप्रोटॉन घेतला की त्याचं चिन्ह उलटतं. म्हणून एकाच ऊर्जेला प्रोटॉन-प्रोटॉन आणि प्रोटॉन-अँटिप्रोटॉन यांच्यात फरक दिसला तर ऑडेरॉन आहे, असा युक्तिवाद.

आता गंमत बघा. इथे एकाच ऊर्जेला दोन्ही मोजलेच नाहीत! फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉन यंत्रावर अँटिप्रोटॉन १.९६ टीईव्हीला (टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) आदळले, टोटेमने सर्नच्या एलएचसी यंत्रावर प्रोटॉन मोजले २.७६, ७, ८ आणि १३ टीईव्हीला. मग किती प्रोटॉन किती वळले याच्या वक्रावरचे आठ बिंदू धरून ते खाली १.९६ पर्यंत ओढत आणले. एवढं करून फरक ३.४ सिग्माचा (सिग्मा जितके जास्त, तितकी फरक निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). शोध म्हणायला ५ लागतात, म्हणून रो नावाच्या दुसऱ्याच राशीची (न वळता सरळ जाणाऱ्या टकरीच्या आयामाचा वास्तव भाग भागिले काल्पनिक भाग) मोजमापं त्यात मिसळली आणि ५.२ ते ५.७ सिग्मा झाले.

आणि रो हा जुना पापी आहे. १९८७ मध्ये सर्नच्याच यूए-४ ने ५४६ जीईव्हीला (हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही) रो ०.२४ मोजला. सिद्धांतवाल्यांनी लगेच ऑडेरॉनपासून नव्या कणांपर्यंत सगळं त्यात बसवून दाखवलं. १९९३ मध्ये पुन्हा मोजला तर ०.१३५! सगळे पेपर रद्दीत. ज्या सिद्धांतात कुठलाही आकडा बसतो तो सिद्धांत कसला?

त्रिज्या

रद्दीची गोष्ट खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

'कुठलाही आकडा बसतो' म्हणता? मग हे बघा. रो मेसॉन (तुमच्या रो राशीशी नुसतं नावाचं साम्य), त्याचा स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) १, वस्तुमानाचा वर्ग सुमारे ०.६ जीईव्ही-वर्ग. ए-२ चा स्पिन २, वर्ग १.७४. रो-३ चा स्पिन ३, वर्ग २.८५. कागदावर मांडा, सरळ रेघ येते. चू आणि फ्राउची यांनी १९६१ च्या सुमारास अशा रेघा काढायला सुरुवात केली. रेघ मागे शून्यापर्यंत नेली की ती स्पिनच्या अक्षाला ०.५ च्या आसपास छेदते. रेजे या भौतिकशास्त्रज्ञाचं गणित सांगतं की ऋण पायॉन प्रोटॉनवर आदळून उदासीन पायॉन आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात, त्या प्रक्रियेचं ऊर्जेनुसार घटणं याच छेदावर ठरायला हवं. फर्मिलॅबने १९७० च्या दशकात सुमारे २०० जीईव्हीपर्यंत ते मोजलं. ०.५ च्या आसपासच आलं, आणि शून्याच्या पलीकडे ऋण बाजूलाही रेघ बऱ्यापैकी सरळच गेली. कणांच्या वजनावरून टकरींचा आकडा! याला जुळवाजुळव म्हणायचं असेल तर मेंडेलीव्हलाही जुळवाजुळव म्हणा.

रात्रपाळी

विज्ञानात ढ आहे, पण वाचतोय. ऑडेरॉन हा कण आहे की नाही, एका वाक्यात सांगा ना कोणीतरी.

त्रिज्या

@रात्रपाळी, एका वाक्यात: नाही. दोन इलेक्ट्रॉन फोटॉनची देवाणघेवाण करतात तेव्हा फोटॉन हा कण म्हणून बाहेरही दिसतो. इथे जाते ती एका रेघेवरची सगळी जमात, एकगठ्ठा. ऑडेरॉन म्हणजे ढोबळमानाने तीन ग्लुऑनांची (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांची) जुडी, पोमेरॉन म्हणजे दोनची. पोमेरॉनच्या रेघेवर स्पिन २ चा एक ग्लूबॉल (नुसत्या ग्लुऑनांचा बनलेला कण) साधारण १.९ जीईव्हीला असायला हवा असा अंदाज आहे. तो निर्विवाद सापडलेला नाही, हे धागाकर्त्यांनी म्हणायच्या आधी मीच म्हणते. 'नवा कण' हे मथळे चूक, एवढ्यापुरती सहमत.

आडवा_उभा

ताई, तुमचं उदाहरण रो मेसॉनच्या रेघेचं. ती मला मान्यच आहे, कारण तिच्यावर खरे कण बसलेत. पोमेरॉनच्या रेघेवर कोण बसलंय? त्याचा छेद १.०८ कुठून आला? डोनाकी आणि लँड्सहॉफ यांनी १९९२ मध्ये टकरींच्या आकड्यांतून काढला. क्यूसीडीतून (क्वार्क-ग्लुऑनांच्या मूळ सिद्धांतातून) काढायला गेलं, म्हणजे बीएफकेएल समीकरणातून, तर पहिल्या पायरीला बराच मोठा येतो. मूळ सिद्धांतातून तो आकडा निघत नाही. शिवाय त्या सूत्रात टकरींचं एकूण क्रॉस-सेक्शन (टक्कर होण्याच्या शक्यतेचं माप) ऊर्जेच्या वर्गाच्या ०.०८ घाताने अनंतापर्यंत वाढतच राहतं, आणि फ्रुआसारची मर्यादा सांगते की लॉगच्या वर्गापेक्षा जलद वाढायचं नाही. म्हणजे सूत्र मुळातच चूक.

गणिती_गुरव

फ्रुआसारचा विषय काढलात म्हणून. मार्तांने काढलेला स्थिरांक घालून १३ टीईव्हीला ती मर्यादा मोजा (लॉगमधली मोजपट्टी १ जीईव्ही-वर्ग धरून). वीस बार्नच्या (क्रॉस-सेक्शनचं एकक) वर येते. मोजलेलं एकूण क्रॉस-सेक्शन ०.११ बार्न. २०० पट लांब असलेल्या कुंपणाला सूत्र धडकेल म्हणून आज ते फेकून द्यायचं? त्याच १९९२ च्या सूत्रात १३ टीईव्ही घाला. २१.७ गुणिले वर्गित ऊर्जेचा ०.०८०८ घात, सुमारे १०० मिलीबार्न. टोटेमने मोजले ११०.६, सर्नच्याच अ‍ॅटलस गटाने १०४.७. फिट केलं तेव्हा टेव्हाट्रॉन १.८ टीईव्हीवर होता. सातपट ऊर्जेला दहा टक्क्यांच्या आत! हवामान खात्याकडून मी याच्या निम्म्याचीही अपेक्षा ठेवत नाही.

अवांतर: या मर्यादांच्या गणितात आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचं मोठं काम आहे. वीरेंद्र सिंग आणि एस. एम. रॉय यांनी १९७० च्या सुमारास विकिरणाच्या (कण आदळून विखुरण्याच्या) आयामांवर ज्या सीमा काढल्या, त्या कुठलंही मॉडेल न धरता. भाभांचं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विकिरण सगळ्यांना माहीत असतं, हे कोणी सांगत नाही.

त्रिज्या

गुरवांना +१. त्याच सूत्रात आणखी एक मोती आहे. प्रोटॉन आणि अँटिप्रोटॉन यांच्यातला जुना फरक, म्हणजे ओमेगा-रो वगैरे मेसॉनांच्या देवाणघेवाणीचा, ऊर्जेबरोबर मरत जातो. १.९६ टीईव्हीला तो उरतो सुमारे ०.०४ मिलीबार्न, आणि एकूण सत्तरच्या वर. म्हणजे तिथे फरक दिसला तर मेसॉनांच्या माथी मारता येत नाही. १९८५ मध्ये सर्नच्या आयएसआर या जुन्या यंत्रावरची ५३ जीईव्हीची तुलना आली होती, तिथे हीच पळवाट होती. टीईव्हीला ती बंद झाली.

आणि फरक दिसतो कुठे ते तरी बघा. प्रोटॉन-प्रोटॉनच्या वक्रात एक खड्डा आणि पुढे उंचवटा येतो. १३ टीईव्हीला उंचवटा खड्ड्याच्या सुमारे १.८ पट. डी-झीरोच्या अँटिप्रोटॉन वक्रात हे गुणोत्तर १.००, कमीअधिक ०.२१. खड्डाच नाही, नुसता सपाट खांदा. हे डोळ्यांना दिसतं, त्याला सिग्माही लागत नाही.

आडवा_उभा

डोळ्यांना बरंच काही दिसतं. १९८७ लाही दिसलं होतं.

रो वर बोला ना. अ‍ॅटलसनेही १३ टीईव्हीला रो मोजला, ०.०९८. टोटेमच्या ०.०९-०.१० शी जुळला, हे मी लपवत नाही. पण अ‍ॅटलसचं एकूण क्रॉस-सेक्शन टोटेमपेक्षा कमी आलं. डिस्पर्शन संबंधांमुळे (टकरीच्या आयामाचे वास्तव आणि काल्पनिक भाग जोडणाऱ्या समीकरणांमुळे) रो आणि क्रॉस-सेक्शनची वाढ एकमेकांना बांधलेले आहेत. वाढ पुढे मंदावणार असेल तर रो आपोआप कमी येतो. ऑडेरॉन लागतच नाही. खुद्द डोनाकी आणि लँड्सहॉफ यांनीही २०१९ मध्ये म्हटलं की छोट्या कोनांच्या त्या मोजमापांना ऑडेरॉनची गरज नाही. म्हणजे ५.२ मधला रो चा वाटा डळमळीत. तो काढा, उरले ३.४.

ढगफुटी

तुम्ही दोघं भांडा. मी वैश्विक किरणांवर काम करणाऱ्या गटात कोड चालवतो. उटीच्या ग्रेप्स-३ सारख्या प्रयोगात आकाशातून आलेल्या एका प्रोटॉनचा सडा जमिनीवर मोजायचा, तर वर हवेत काय झालं हे आधी मॉडेलला विचारावं लागतं. क्यूजीएसजेट, ईपॉस, सगळी मॉडेलं वरच्याच रेजे-गणिताच्या (ग्रिबॉव्ह-रेजे) पायावर उभी. आणि तीच चुकतात. अर्जेंटिनातल्या पिएर ओझे वेधशाळेला म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) मॉडेलपेक्षा ३० ते ६० टक्के जास्त दिसले. मला ऑडेरॉन आहे की नाही याने काडीचा फरक पडत नाही. म्युऑन कुठून येतात तेवढं सांगा.

त्रिज्या

@ढगफुटी, तुमची अडचण खरी आहे, पण ती फुटलेल्या टकरींची आहे. इथे न फुटलेल्यांचं चाललंय. वेगळा धागा काढा, येते.

@आडवा_उभा, मंद वाढीने रो सुटेल, मान्य. खड्डा कसा सुटेल? डिस्पर्शन संबंध लावता ते शून्य कोनाला, आणि खड्डा तिथून बराच लांब आहे. हंगेरीतल्या गटाने वेगळ्याच मार्गाने, वक्रांचं स्केलिंग करून, त्याच काळात ६ सिग्माच्या वरचा फरक काढला.

आडवा_उभा

तोही त्याच डी-झीरोच्या बिंदूंवरून. विदा एकच, हिशोब दोन. माझी मागणी साधी आहे: एलएचसी थोडे दिवस १.९६ टीईव्हीला चालवा आणि प्रोटॉन-प्रोटॉनचा खड्डा तिथेच मोजा. मग ओढाताण नको नि आठ बिंदू नकोत. तोपर्यंत मी 'सबळ संकेत' म्हणेन, 'शोध' नाही.

त्रिज्या

चालवा, माझी ना नाही. पण त्याने टोटेमची बाजू पक्की होईल, आणि ती आत्ताच जास्त पक्की आहे. मोठा एरर बार आहे तो डी-झीरोच्या ०.२१ चा. तो कमी करायला अँटिप्रोटॉन हवेत, आणि टेव्हाट्रॉन सप्टेंबर २०११ मध्येच बंद झालाय.