जुनी वास्तू वाचवायची, तर तिच्या मालकाचा भारही उचला

चिरेबंदी:

स्थानिक इतिहास मंडळांबद्दल मला आदर आहे. गावातली कोणती इमारत कुणी, कधी, कशासाठी बांधली हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण त्यांचं बहुतेक बळ पाडकाम थांबवण्यात खर्ची पडतं. निवेदन, सह्या, सुनावणी आणि नशिबाने साथ दिली तर स्थगिती. मग सगळे आपापल्या घरी. इमारत मात्र तशीच उभी: कौलं सरकलेली, पन्हळ तुंबलेली. काही पावसाळे गेले की तीच 'धोकादायक' ठरून रीतसर पाडली जाते. स्थगिती मिळते त्या दिवशी मंडळाचं खरं काम सुरू होतं, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या सव्हाना शहरात १९५४ साली जुनी मंडई पाडून तिथे पार्किंगची इमारत उभारली. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस या १८२० च्या सुमाराच्या विटांच्या घरावर कुऱ्हाड पडणार असं दिसू लागलं, तेव्हा सात बायकांनी पैसे गोळा करून ते घर सरळ विकत घेतलं. त्यातून हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन उभं राहिलं. पुढे त्यांनी फिरता निधी चालवला. पडीक घर विकत घ्यायचं आणि ते दुरुस्त करायला तयार असलेल्या माणसाला विकायचं. घर पाडायचं नाही, बाहेरचं रूप बदलायचं नाही, ही अट खरेदीखतातच. विक्रीचा पैसा पुढच्या घरासाठी. अशी शेकडो घरं वाचली. मंडईच्या जागेवरची ती पार्किंगची इमारत शहराने नंतर स्वतःच पाडली आणि २०१० मध्ये तो चौक पुन्हा खुला केला.

आपल्या मंडळांनी हीच वाट धरावी. घर विकत घ्या, दीर्घ मुदतीने भाड्याने घ्या, निदान छपराच्या खर्चात वाटा उचला.

उंबरठा:

मी दुसऱ्या बाजूचा, वारसा यादीत असलेल्या घराचा मालक. खिडकीची सडलेली चौकट बदलायची तरी परवानगी लागते. अर्ज करा, नकाशे जोडा, वाट बघा, तोवर पाणी आत येतच असतं. मंडळाची माणसं दर्शनी भागाचे फोटो काढून जातात, मागची भिंत फुगली आहे ती बघायला कुणी फिरकत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार! वास्तू साऱ्या गावाची आणि खर्च माझ्या एकट्याचा.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच मनोरा बांधायला मालक कंपनीला मनाई झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये शहर जिंकलं. हा दाखला सगळे देतात. पण तिथे मालकाला न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या जागांवर वळवायची सोय होती आणि न्यायालयाने तीही विचारात घेतली होती. आपण ज्याला टीडीआर म्हणतो तेच हे. जिथे जमिनीला मागणीच नाही, तिथे तो टीडीआर घेणार कोण? म्हणून मी म्हणतो, मालकाची लेखी संमती नसेल तर इमारत यादीत घालूच नये.

चिरेबंदी:

उंबरठा, संमतीची अट घातली तर नेमक्या धोक्यातल्या वास्तू यादीबाहेर राहतील. न्यूयॉर्कचंच पेन स्टेशन घ्या. १९१० मध्ये सुरू झालेलं, गुलाबी ग्रॅनाइटचं भव्य स्थानक. १९६३ मध्ये ते पाडायला घेतलं, ते मालकाच्या मर्जीनेच. शहराचा जतन कायदा आला १९६५ मध्ये. बैल गेला नि झोपा केला. ग्रँड सेंट्रल टिकलं ते त्याच कायद्यामुळे. खर्चाबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटतं, माझी सगळी मांडणी त्यासाठीच आहे.

हिशेबनीस:

मी अशाच एका मंडळाचे हिशेब बघतो. चिरेबंदींची तळमळ कळते, पण प्रस्तावाला माझा विरोध आहे. मंडळात असतात कोण? बहुतेक निवृत्त माणसं, चार-दोन शिक्षक, एखादा वकील. वर्गणीतून व्याख्यानं होतात, कागदपत्रांचं जतन होतं. एक मोडकी इमारत नावावर आली की विमा, कर, पहारा, कुणाच्या अंगावर वीट पडली तर दावा, हे सगळं गळ्यात. छप्पर उघडल्यावर आतली तुळई कुजलेली निघते आणि अंदाजपत्रक कोलमडतं. त्या एका इमारतीपायी सगळं मंडळ बुडेल.

सव्हानाचीही दुसरी बाजू आहे. घरं सुधारली, भाव चढले, गरीब भाडेकरूंना तिथे राहणं अवघड झालं. त्यांच्यासाठी १९७० च्या दशकात वेगळा प्रकल्प काढावा लागला.

मंडळाने आपल्याला जमतं तेच नेटाने करावं, ते म्हणजे नोंद. वॉर्साचा जुना भाग दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झाला. तो पुन्हा उभा राहिला त्यात युद्धाआधी घेतलेल्या मोजमापांचा आणि नकाशांचा मोठा वाटा होता. युनेस्कोने १९८० मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटलं. मोजमाप घ्यायला मालकी लागत नाही.

चुनेगच्ची:

नोंद हवीच. पण खरेदी आणि नोंद यांच्या मधलं एक काम सगळेच विसरलेत: देखभाल. मी जुन्या भिंतींच्या दुरुस्तीची कामं करते. जेवढं नुकसान पाडणारे करतात, तेवढंच चुकीची दुरुस्ती करते.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. त्याआधीची विटांची भिंत बहुतेक चुन्यातली किंवा मातीतली. चुना विटेपेक्षा मऊ असतो, भिंतीतली ओल दरजांमधून बाहेर पडते. झिजली तर दरज झिजते, वीट शाबूत राहते. त्या दरजा सिमेंटने भरल्या की ओलीची वाट बंद. मग पाणी विटेतून बाहेर पडू बघतं, पृष्ठभागामागे क्षार साठतात, लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. दिसायला भिंत नवी, आतून पोखरलेली. शंका असेल तर दरजेवर किल्ली ओढून पाहा. जुना चुना भुग्यासारखा खाली येतो, सिमेंटवर नुसता ओरखडा उठतो. ते सिमेंट काढायचं तर छिन्नीने, हळूहळू. कटर लावला की विटेच्या कडाच कापल्या जातात. नंतर चुना भरून कितीतरी दिवस ओलं गोणपाट लावावं लागतं. ठेकेदाराला तेवढी सवड नसते आणि तसा गवंडी त्याच्याकडे नसतो.

ब्रिटनमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती प्रामुख्याने जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी चर्चं खरवडणाऱ्यांना आवरायला. रोजच्या काळजीने ऱ्हास रोखा, हा त्यांचा आग्रह होता. पावसाळ्याआधी पन्हळ साफ करणं, सरकलेलं कौल बसवणं, भिंतीत रुजलेलं रोप कोवळं असतानाच काढणं. याला मालकी नको, कोर्ट नको. मंडळाने चुन्यात काम करणारे दोन गवंडी हाताशी ठेवले आणि वर्षातून एकदा प्रत्येक मालकाच्या दारी गेलं, तरी उंबरठा यांची भिंत फुगण्याआधी लक्षात आली असती.

मोकळंमैदान:

सगळे 'कसं जपावं' यावर बोलताहेत, 'काय जपावं' हे कुणीच विचारत नाही. बहुतेक याद्या उघडून पाहा: धनिकांचे वाडे, कचेऱ्या, प्रार्थनास्थळं. त्या वाड्यांत राबणाऱ्यांच्या खोल्या कुठे आहेत? न्यूयॉर्कमध्ये ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ ची भाडेकरूंची साधी इमारत आहे. स्थलांतरित कुटुंबं तिथे दाटीवाटीने राहिली. १९३५ मध्ये वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं हलली आणि त्या खोल्या तशाच बंद राहिल्या. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टेनेमेंट म्युझियमने त्या लोकांसाठी उघडल्या. मंडळाकडे एकाच इमारतीपुरता पैसा असेल तर तो अशा ठिकाणी जावा. एखादा वाडा गेला तर मी हळहळेन, पण त्याच्यासाठी वर्गणी देणार नाही.

उंबरठा:

चुनेगच्ची, दारी येणारं मंडळ मला चालेल. पण यादीबद्दलचं मत मी बदलत नाही. निर्बंध आधी आणि मदत 'बघू', हा क्रम उलटा करा.

चिरेबंदी:

क्रम उलटा करायला माझी हरकत नाही. हिशेबनीस, तुमची भीती रास्त आहे, म्हणून इमारतींसाठी मंडळापासून वेगळा न्यास असावा. एक बुडाला तरी दुसरा तरेल. आणि सुरुवात मोकळंमैदान म्हणतात तशा लहान, साध्या घरापासून करता येईल. तुळयाही लहान, जोखीमही लहान.

हिशेबनीस:

न्यास वेगळा केला तरी एक प्रश्न उरतो. खरेदीखतात अट घातली की ती पाळली जाते का हे बघायला कुणीतरी लागतं, दरवर्षी, घर उभं असेपर्यंत. मालक बदलणार, त्यांचे वारस बदलणार. अट मोडली तर कोर्टात जायला वकिलाची फी लागणार. फिरत्या निधीच्या कागदावर हा खर्च मी अजून कुठे पाहिलेला नाही. त्याची तरतूद आधी मांडा, मग मी ठरावाच्या बाजूने मत देईन.